कंस विसरू नका, मास्तर

"चपला! अहो बाई, चपला!"

मी जागच्या जागी थिजले. आवाज पाण्यातून आला होता. तलावाच्या मधोमध एक डोकं वर आलं होतं आणि माझ्या पायांकडे असं बघत होतं, जणू मी चिखल घेऊन कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरले होते.

"मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून आलेय," मी जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाले. "नमुना घ्यायचाय."

"घ्या की. अनवाणी घ्या."

मी मुकाट्यानं चपला काढल्या. तेवढ्यात उथळ कोपऱ्यातून ओळखीचा आवाज खणखणला, "अगंबाई, ही तर माझी धाकटी!"

गुलाबी रबरी टोपी, कमरेएवढं पाणी, आणि दोन्ही हातांनी कडेचा दांडा गच्च धरून उभी असलेली माझी आई. नोकरी संपल्यावर तिनं पोहायला शिकायचं मनावर घेतलं होतं. तेव्हापासून घरात दुसरा विषयच नव्हता. आमचे मास्तर असं म्हणाले, आमचे मास्तर तसं म्हणाले... ऐकून ऐकून मी त्या मास्तरांचं एक चित्र डोक्यात पक्कं करून टाकलं होतं. टक्कल, शिट्टी आणि सुटलेलं पोट. एरवी या तलावाचा नमुना माझा सहकारी आणायचा. तो तापानं पडला म्हणून त्या दिवशी मी आले, नाहीतर ते चित्र तसंच राहिलं असतं.

कारण आता दांड्याला हात देऊन, एका झटक्यात जो माणूस पाण्याबाहेर आला त्याला पोट नव्हतं. शिट्टीही नव्हती. केस मात्र भरपूर होते आणि त्यातून पाणी निथळत होतं.

मी घाईघाईनं बाटली पाण्यात बुडवली. झाकण न काढताच.

"झाकण..." तो हळूच म्हणाला.

"माहितेय," मी म्हणाले. कान का गरम झाले, कोण जाणे!

नमुन्याच्या चिठ्ठीवर सही हवी होती, म्हणून त्याच्यामागून त्याच्या खोलीत गेले. खोली कसली, काचेची खिडकी असलेला कोनाडाच तो. ओले टॉवेल, दोरीला लटकणारे पोहायचे चष्मे, क्लोरीनचा तिखट वास. आणि टेबलावर, सगळ्या पसाऱ्यात उठून दिसणारा, एक नवा कोरा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. त्याच्या काचेवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा अजून काढलेला नव्हता.

सही करता करता तो थांबला. "तुम्ही केमिस्ट्रीवाल्या ना? मग मला एक सांगा... हे यंत्र माझ्याशी खोटं का बोलतं?"

मी हसले. तो हसला नाही. तेव्हा कळलं, की हा खराच वैतागलेला आहे.

तलावाचं पाणी राखणारे जुने काका निवृत्त झाले होते आणि ते काम मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. पण त्यासाठी एक परीक्षा पास व्हावी लागते. पाण्याची परीक्षा म्हणा ना. पीएच, संहती, किती पाण्यात किती औषध, सगळी रसायनशास्त्राची गणितं. दोनदा देऊन तो दोन्ही वेळा आपटला होता. आता शेवटची संधी. प्रमाणपत्र असलेला माणूस नसेल, तर हंगाम संपताना तलावाला कुलूप लागणार होतं. मग सकाळची मुलांची बॅच, आईची बॅच, सगळं बंद.

"हे बघा." त्यानं पुस्तक पुढे केलं. "हायड्रोजन आयनांची संहती चार गुणिले दहाचा उणे आठवा घात. पीएच काढा. पुस्तकात उत्तर सात पूर्णांक चार. मला दर वेळी सहा पूर्णांक चार येतंय. दर वेळी!"

"माझ्यासमोर करा."

त्यानं चार दाबलं. गुणिले दाबलं. मग एक शून्य, दहा. मग एक्स्पचं बटण, मग उणे आठ.

"थांबा, थांबा!" मी त्याचा हात धरला. म्हणजे मनगट. म्हणजे... एवढ्याच कारणासाठी. "या एक्स्पच्या बटणात दहा आधीच बसलेला असतो. ते दाबलं, की यंत्र आपणहून समजतं, गुणिले दहाचा घात. तुम्ही वर आणखी एक दहा टाकताय. उत्तर दहापट होतं आणि पीएच बरोब्बर एकानं चुकतो. चार, एक्स्प, उणे आठ. संपलं."

त्यानं तसं केलं. लॉग घेतला, चिन्ह बदललं. पडद्यावर सात पूर्णांक एकोणचाळीस आणि पुढे आकड्यांची शेपटी.

तो बघतच राहिला. आकड्यांकडे... मग माझ्याकडे.

"इतके दिवस," तो म्हणाला, "मी या बिचाऱ्याला शिव्या घालतोय."

"माफी मागा त्याची."

त्यानं खरंच कॅल्क्युलेटर उचलला आणि गंभीरपणे म्हणाला, "चुकलं माझं." मग तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे मी का टिपून ठेवलं, ते विचारू नका.

खिडकीबाहेर गुलाबी टोपी आमच्याकडेच तोंड करून उभी होती. त्या दिवशी आईनं दांडा सोडला होता म्हणे. आम्हाला नीट बघता यावं म्हणून.

*

शिकवणीचा घाट आईनंच घातला. "तुला काय, येता येता तासभर बसायचं. नाहीतरी घरी येऊन मोबाइलच बघतेस," ती म्हणाली. आणि मास्तरांना परस्पर सांगूनही आली.

संध्याकाळची बॅच सुटली, की आम्ही प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसायचो. पाणी हळूहळू शांत होत जायचं आणि त्याचा उजेड छतावर थरथरत राहायचा. तो दोन कप चहा आणायचा. माझ्या कपावर बशी झाकलेली असायची, त्याच्या कपावर नसायची.

विद्यार्थी म्हणून तो अवघड नव्हता, पण वाद घालायचा.

"पीएच उणे सात पूर्णांक चार," एकदा त्यानं जाहीर केलं.

"उणे? कुठलं पाणी आहे हे? उलट वाहणारं?"

"यंत्र म्हणतंय."

"यंत्र तुम्ही सांगाल तेच म्हणणार. लॉगच्या आधीचं उणे कुठे गेलं?"

"खाल्लं वाटतं."

"आणि वजाबाकीचं बटण वेगळं, ऋण चिन्हाचं वेगळं. तो कंसातला छोटा उणे दिसतो का? आकडाच ऋण असेल तेव्हा तो दाबायचा."

"म्हणजे काही काढून घ्यायचं नसलं तरी उणे असू शकतं?"

"असतं."

"अगदी माझ्यासारखं," तो म्हणाला आणि चहात बघत बसला. मी पुढचं गणित दिलं.

आणखी एक दिवस आठवतो. बाहेर भुरभुर पाऊस होता, पत्र्यावर त्याची कुजबुज चालली होती. मी पायरीवर पोचले, तर मास्तर कपाळाला हात लावून बसलेले.

"मोल काढायचेत. उत्तर शून्य. पुन्हा केलं, शून्य. सगळी गणितं शून्य. माझ्यात आणि या यंत्रात काही राहिलेलंच नाही."

मी पाहिलं. पडद्यावर दोन दशांश आणि दोन शून्यं. बटणं चाचपताना त्यानं कधीतरी यंत्राला दोनच दशांशांवर बांधून टाकलं होतं. खरं उत्तर होतं शून्य पूर्णांक शून्य शून्य बत्तीस. ते बिचारं दोन घरांत मावणार कसं? मी मोडमध्ये जाऊन ते बंधन काढलं. आकडा उमटला.

"बघा. उत्तर होतं. लहान होतं म्हणून दिसत नव्हतं. असल्या गणितांत उत्तरं फार लहान असतात, मास्तर. पडदा शून्य म्हणाला, म्हणजे काहीच नाही, असं लगेच धरून चालायचं नाही."

"नाही ना?" तो म्हणाला.

"नाही."

तो पडद्याकडे बघत नव्हता. मीही नव्हते. पावसाचा आवाज जरा वाढला.

"आणि मध्येच आकडे छाटायचे नाहीत," मी घसा साफ करत म्हणाले. "आन्सरचं बटण असतं ना, त्यात पूर्ण आकडा धरून ठेवायचा. छाटाछाटी शेवटी."

"धरून ठेवीन," तो म्हणाला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं चाललंय गणित?"

"सुटतंय."

"दोघांनाही?"

मी दार लावून घेतलं. तरी तिचं हसणं ऐकू येतच होतं.

*

त्यानंतरच्या आठवड्यात तलावाचा नमुना माझ्याच टेबलावर आला. सहकारी बरा झाला होता, नमुना त्यानंच आणला होता, पण तपासणी माझ्याकडे. क्लोरीन फारच कमी निघालं. जिवाणू जास्त. मी पुन्हा तपासलं. तेच. मुलांच्या बॅचमधल्या दोघांचे कान दुखत होते, असं आईनं सांगितल्याचंही आठवलं.

मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कामाला कडक, बोलायला त्याहून.

"यावर मी एकटीनं सही करणं बरोबर नाही," मी म्हणाले. "तिथल्या मास्तरांना मी शिकवते. ओळख आहे."

"काय शिकवतेस?"

"कॅल्क्युलेटर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हल्ली त्याला कॅल्क्युलेटर म्हणतात होय?"

पण लगेच त्या गंभीर झाल्या. दुसरा नमुना आणवला, स्वतः तपासला. निकाल बदलला नाही. "मी सही करते. तू तपासलंस, तुझीही हवी. आणि नियम माहितेय ना? आदेश निघेपर्यंत बाहेर एक शब्द नाही."

मी सही केली.

त्या संध्याकाळी जाऊ नये असं वाटत होतं, आणि पाय मात्र तिकडेच वळले. त्यानं सगळी गणितं बरोबर सोडवून ठेवली होती. डोळे चमकत होते. "बाई, मी पास होणार बहुतेक. आणि पास झालो ना... की मला तुमच्याशी एक बोलायचंय."

एरवी मी म्हटलं असतं, आत्ताच बोला की. त्या दिवशी नुसतं "बघू," मी म्हणाले. एवढंच. कप तसाच ठेवला आणि निघाले. तो दारापर्यंत आला. काहीच न कळलेल्या माणसाचा चेहरा होता त्याचा.

सकाळी तलावाच्या दारावर कागद लागला. पुढील आदेशापर्यंत बंद. खाली दोन सह्या.

आई टोपी हातात घेऊनच घरी परतली. "माझा तलाव तू बंद केलास?"

"आई, पाणी खराब होतं."

ती शेजारी बसली आणि टोपी मांडीवर पसरत म्हणाली, "मग बरोबर केलंस. पण मास्तर काय म्हणतील गं?"

मास्तर काहीच म्हणाले नाहीत, तेच तर झालं. फोन नाही, निरोप नाही. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. काय सांगणार होते? की शेजारी बसून चहा पीत होते, तेव्हा मला माहीत होतं? प्रयोगशाळेत मी मन लावून काम करत होते आणि एकाच नळीत एकच द्रावण दोनदा ओतत होते. मोठ्या बाईंनी नळी हातातून काढून घेतली आणि मला पाणी प्यायला पाठवलं.

*

एका दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीशी कुणीतरी उभं होतं. इस्त्रीचा शर्ट, कोरडे, नीट विंचरलेले केस. क्षणभर मी ओळखलंच नाही. त्याला कोरडा मी कधी बघितलाच नव्हता!

"नवा नमुना द्यायचाय," तो म्हणाला. मग पेटी ठेवून खिशातून कॅल्क्युलेटर काढला. "आणि हे दाखवायचंय."

"मास्तर, मी..."

"आधी माझं ऐका. मला राग आला होता. खोटं का बोलू? वाटलं, आदल्या संध्याकाळी माझ्याशेजारी बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. घरी बसून फुगलो. मग फुगून कंटाळा आला, म्हणून हिशेब करायला बसलो. क्लोरीन कमी पडलं कसं? मी तर रोज मोजून टाकत होतो!"

त्यानं बटणं दाबायला सुरुवात केली. बोलत बोलत, एकेक. "तलावात चार लाख लिटर पाणी. लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन हवं. हजारानं भागलं, की ग्रॅम. पण नवी पावडर आली, तिच्यात क्लोरीन पासष्टच टक्के. म्हणून शून्य पूर्णांक पासष्टनंही भागायचं. मी काय केलं होतं? चार लाख गुणिले दोन, भागिले हजार, गुणिले शून्य पूर्णांक पासष्ट. पाचशे वीस ग्रॅम. रोज पाचशे वीस."

मी डोळे मिटले. "कंस..."

"कंस! भागिले, कंस सुरू, हजार गुणिले शून्य पूर्णांक पासष्ट, कंस पूर्ण." त्यानं बरोबरचं बटण दाबलं. "बाराशे तीस ग्रॅम. निम्म्याहूनही कमी टाकत होतो मी. मुलांचे कान माझ्यामुळे दुखले." त्याचा आवाज खाली आला. "दोघांच्याही घरी जाऊन आलो. आयांनी नीट ऐकून घेतलं. एकीनं चहा दिला, एकीनं फैलावर घेतलं. दोन्ही बरोबरच होतं. तुम्ही ती सही केली नसती, तर मी अजूनही तेवढंच टाकत बसलो असतो."

मी म्हणाले, "मला त्या संध्याकाळी सांगता येत नव्हतं. पण वाटत होतं, सांगावं. फार वाटत होतं."

"कळलं होतं. म्हणजे... आता कळतंय. चहा तसाच ठेवला होतात तुम्ही."

मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, "नमुना उन्हात ठेवायचा नसतो. आणि खिडकीत गर्दी करायची नसते."

खिडकीत आम्ही दोघंच होतो.

नवा नमुना त्यांनी माझ्या सहकाऱ्याकडे दिला. निकाल स्वच्छ आला. कागद निघाला, तलाव उघडला आणि आईच्या बॅचनं इतका गोंगाट केला, की रस्त्यावरची माणसं डोकावून गेली.

*

परीक्षेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आईला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. "दात सांभाळ," ती म्हणाली, आणि माझ्या केसांना लागलेला धागा काढून दिला.

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर बस थांबा होता. त्याच्या बाकावर मी बसले आणि नखं खाल्ली. फाटक उघडलं, माणसं बाहेर आली. तो सगळ्यात शेवटी. मला बघून थबकला.

"तुम्ही? आज कामावर..."

"पहिला प्रश्न कसा गेला?"

"बरा."

"पीएचचा?"

"आला."

"लघुगणकाची चिन्हं? कंस?"

"सगळे उघडले, सगळे मिटले." तो बाकावर शेजारी बसला, जरा अंतर ठेवून. "एक मात्र अडला. पाचवा. तो सोडवला, पण भरवसा नाही. पास-नापास त्याच्यावरच असेल कदाचित. निकाल यायला महिना लागणार म्हणे."

महिना! मी मनात तो महिना मांडून बघितला. रोज संध्याकाळी पायऱ्या, चहा, आणि मधे ते न बोललेलं बसलेलं. नाही. मला नाही जमायचं.

"मास्तर," मी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "पास झाल्यावर काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला?"

"हो..."

"ते आत्ता बोला."

"आत्ता कसं? निकाल तर..."

"निकालाचा काय संबंध?"

तो बोटं गुंफत होता, सोडवत होता. पाण्यात इतका सराईत असलेला माणूस, आणि इथे बाकावर बसल्या बसल्या बुडत होता. "दोनदा नापास झालेल्या माणसानं... विचारायचं कसं?"

"तोंडानं," मी म्हणाले.

तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. आणि मग मला थांबवेना. "तुम्हाला जमणार नसेल, तर मी सांगते. तुम्ही मला आवडता. पास झालात तरी, नापास झालात तरी. गणित चुकलं की कपाळाला हात लावून बसता तेव्हा आवडता. त्या दोन मुलांच्या घरी एकटे गेलात, ते ऐकलं तेव्हा तर..." मी बाकाची कड गच्च धरली. "आता बोला काहीतरी. मी मेलेय लाजेनं."

बस आली. दार उघडून उभी राहिली. चालकानं आमच्याकडे पाहिलं, वाट पाहिली, मान हलवली आणि निघून गेला.

"मी पाठ करून ठेवलं होतं," तो म्हणाला. "चांगलं लांबलचक होतं. आता त्यातला एक शब्द आठवत नाहीये."

"जो आठवेल तो बोला."

"तू," तो म्हणाला. आणि स्वतःच घाबरला. "म्हणजे, चालेल ना? तू म्हटलं तर?"

मी मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी हसत होते, दोन्ही एकदमच.

"तू लग्न करशील माझ्याशी?" त्यानं विचारलं. एका दमात, पाण्यात सूर मारावा तसं.

"करीन. पण आईला तू सांगायचंस. मी दाताला गेलेय."

तो इतक्या मोठ्यानं हसला, की फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मान वळवली. आमच्यातलं बाकावरचं ते अंतर कधी मिटलं, ते दोघांनाही कळलं नाही. त्याचा तळहात गार होता, जरासा ओला. इतका वेळ परीक्षेला घाबरला होता की मला, ते मी अजूनही विचारते आणि तो अजूनही सांगत नाही.

पुढची बसही आम्ही जाऊ दिली. मग चालतच निघालो. वाटेत त्यानं पाचवा प्रश्न मला सांगितला, मी तोंडीच सोडवला, आणि आमची दोघांची उत्तरं वेगळी आली. कोपऱ्यापर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. हात मात्र कुणीच सोडला नाही.

महिन्यानं निकाल लागला. पाचव्याचं उत्तर त्याचं बरोबर होतं.